काउंटरवर उघडलेला पुडा

वेस्ट यॉर्कशरमधल्या आमच्या गावातल्या कापडगिरण्या कधीच्या बंद पडल्या, त्यांच्या इमारतींत आता सदनिका झाल्या, पण बाजाररस्त्याच्या वळणावरची चिपी अजून चालू आहे. तळलेला मासा आणि बटाट्याच्या जाड चिप्स विकणाऱ्या दुकानाला उत्तर इंग्लंडमध्ये चिपी म्हणतात, आणि शुक्रवारी संध्याकाळी तिच्यापुढे लागणारी रांग हा गावाच्या आठवड्याचा ठरलेला भाग असतो. 2023 च्या जानेवारीत अशाच एका शुक्रवारी मी रांगेत उभा होतो. माझ्या पुढची सत्तरीतली बाई आपला पुडा घेऊन दारापर्यंत गेली, तिथेच थबकली, परत फिरली आणि रांगेला वळसा घालून तिने तो पुडा काउंटरवर उघडला. मग तिने मासा बोटांनी उलटा केला. खालच्या बाजूचे पिठाचे आवरण ओल्या कागदासारखे सुटून आले होते. चिप्स टोकांशी काळपट होत्या आणि तिने मोडून दाखवलेली एक चिप मध्ये कच्ची होती. "हात लावून बघ," ती मालकाला म्हणाली, "हे मी घरी नवऱ्यापुढे ठेवू?" रांगेतले आम्ही सगळे भिंतीवरचा दरफलक नव्याने वाचू लागलो. मालकाने मात्र खरोखरच हात लावून पाहिले.

त्या संध्याकाळपासून ते दुकान सुधारत गेले, असे माझे ठाम मत आहे. त्याआधीच्या चार-पाच महिन्यांत इंटरनेटवर त्याला एक आणि दोन ताऱ्यांची कितीतरी परीक्षणे मिळाली होती, पण त्यांनी काडीचाही फरक पडला नव्हता. त्यांतले दोन ताऱ्यांचे एक परीक्षण माझेही होते. छोट्या खाद्यगृहांना वठणीवर आणण्याचे काम आता ग्राहकांच्या ताऱ्यांवर सोपवले की झाले, अशी एक समजूत सर्वत्र रुजली आहे आणि ती मला चुकीची वाटते. टीकेने दुकान सुधारते हे खरेच आहे. पण कोणती टीका, कुठे केलेली आणि कोणी केलेली, हे तीन प्रश्न बाजूला ठेवून ते वाक्य उच्चारले, तर त्यात फारसा अर्थ उरत नाही.

दुकान बिघडले कसे, हे आधी पाहिले पाहिजे. 2022 हे साल ब्रिटनमधल्या माशांच्या दुकानांना फार वाईट गेले. करोनाच्या काळात खाद्यगृहांना मूल्यवर्धित करात दिलेली सवलत त्या वर्षीच्या मार्चअखेर संपली आणि एप्रिलपासून गरम पदार्थांवरचा कर पुन्हा 20 टक्क्यांवर गेला. युक्रेनमधील युद्धाने सूर्यफुलाचे तेल दुर्मीळ झाले, आणि एक तेल महागले की बाकीची तेले व चरब्याही त्याच्या मागोमाग महागतात. रशियातून येणाऱ्या कॉड, हॅडॉकसारख्या माशांवर ब्रिटनने जुलैत 35 टक्क्यांचे जादा आयातशुल्क बसवले. विजेची आणि गॅसची बिले तर घरोघरी माहीत आहेतच. आमच्या चिपीचा मालक सायप्रसहून आलेल्या कुटुंबातला, चाळिशीतला माणूस. नेमक्या त्याच वर्षी त्याने हे दुकान जुन्या मालकाकडून विकत घेतले होते. त्याने केले ते असे, की भाव एकदम वाढवण्याचे धैर्य झाले नाही म्हणून जिथे दिसणार नाही असे वाटले, तिथे काटकसर केली.

आता त्या बाईच्या पुड्याकडे परत जाऊ, कारण सगळी मेख तिथे आहे. पिठात बुडवलेला मासा गरम तेलात सोडला, की आवरणातले पाणी वाफ होऊन जोराने बाहेर पडू लागते. ती वाफ बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरता येत नाही, आणि आतला मासा आपल्याच अंगच्या ओलाव्यावर हलकेच शिजतो. तेल पुरेसे तापलेले नसले, किंवा एका घाण्यात जास्त तुकडे ढकलल्यामुळे ते निवले, तर वाफेचा जोर ओसरतो आणि कुरकुरीत होण्याआधीच आवरण तेल पिऊ लागते. भजी तळणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावे लागत नाही. पण या माशाची वरची बाजू चांगली होती आणि फक्त खालची बाजू लिबलिबीत होती. याचा अर्थ मासा नीट तळला गेला होता, पण नंतर तो काउंटरवरच्या काचेच्या गरम कपाटात बराच वेळ पडून राहिला होता आणि खालच्या बाजूला कोंडलेल्या वाफेने आवरण भिजवून टाकले होते. गर्दीच्या आधीच पंधरा-वीस मासे तळून ठेवले की एक माणूस कमी लागतो, ही ती काटकसर.

चिप्सची गोष्ट आणखी मजेशीर आहे. बटाटा फार थंडीत राहिला की त्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते, आणि साखर वाढलेला बटाटा तळताना आतून शिजण्याआधीच बाहेरून करपतो. दुकानदाराने बटाट्यांची पोती मागच्या दाराशी, जिथून डिसेंबर-जानेवारीचे गोठवणारे वारे आत येतात, तिथे रचून ठेवली होती, कारण आतल्या खोलीत त्याने एक जादा शीतपेटी बसवली होती. बटाटा तोच, मॅरिस पायपर जातीचा, चिपीवाल्यांचा आवडता. बिघडली होती ती पोत्यांची जागा. बाईने दोनच गोष्टी दाखवल्या, खालची ओली बाजू आणि काळी टोके असलेली कच्ची चिप. ज्याला आपला धंदा कळतो त्याला त्या दोन गोष्टींतून कपाट आणि मागचे दार, दोन्ही दिसले. तिला यातले काही ठाऊक असण्याची गरज नव्हती. तिने निदान केले नाही, लक्षण दाखवले, आणि ते जिथे होते तिथे बोट ठेवून दाखवले.

याउलट त्या महिन्यांतली परीक्षणे मी नंतर पुन्हा वाचून काढली. 'पूर्वीसारखे राहिले नाही', 'पैसे पाण्यात', 'पुन्हा कधीही जाणार नाही', 'नव्या मालकाने वाट लावली'. यांतले प्रत्येक वाक्य मनापासून लिहिलेले होते, पण त्यांतले एकही वाक्य हातात घेऊन भटारखान्यात जाता येत नव्हते. मालकाने काहींना उत्तरे दिली होती, आणि ती रागाची होती. विजेचे बिल कोण भरणार, असे त्याने एकाला विचारले होते. दुसऱ्याला, तुम्ही आमच्या दुकानात आला होता तरी का, असा सवाल केला होता. हा दुसरा सवाल उर्मट वाटला तरी निराधार म्हणता येत नाही. 2017 साली एका पत्रकाराने लंडनमधल्या आपल्या परसातल्या शेडला खाद्यगृह म्हणून ट्रिपॲडव्हायझरवर नोंदवले आणि निव्वळ खोट्या परीक्षणांच्या जोरावर, तिथे एकही जेवण वाढले गेलेले नसताना, ते लंडनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेऊन दाखवले. आता एप्रिल 2025 पासून ब्रिटनमध्ये खोटी परीक्षणे लिहिणे आणि लिहून घेणे कायद्याने बंद आहे, आणि ते योग्यच झाले. पण कायदा खोटे काढून टाकू शकतो. मोघम असलेले नेमके करणे त्याच्या हातात नाही.

माझ्या स्वतःच्या दोन ताऱ्यांचा इतिहास सांगण्यासारखा नाही, पण सांगतो. त्या हिवाळ्यात एकदा आम्ही दुकानातच बसून खाल्ले. आवरण वातड झाले होते आणि निम्मा मासा ताटात राहिला. काउंटरवरची मुलगी ताटे उचलायला आली आणि तिने विचारले, सगळे ठीक होते ना? मी म्हणालो, "लव्हली, थँक यू." घरी पोचल्यावर, कोट काढण्याच्याही आधी, मी दोन तारे दिले आणि 'निराशा झाली' असे लिहिले. या देशात पंधरा वर्षे राहून मी शिष्टाचार शिकलो असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी समोरच्या माणसाशी खोटे बोलून त्याच्या पाठीमागे खरे बोलायला शिकलो होतो.

माझी आई मालवणच्या बाजारात मासे घ्यायला जाई तेव्हा मी तिच्याबरोबर पिशवी धरून जात असे. ती बांगड्याचा कल्ला उचलून पाही, पोटावर बोट दाबी आणि म्हणे, "कालचो बांगडो गो ह्यो." त्यावर मासेवाली म्हणे, "कालचो नाय, तुझो डोळो कालचो." मग दोघी मिळून टोपली उलथीपालथी करीत आणि खालचे चार ताजे बांगडे आईच्या वाट्याला येत. दुसऱ्या दिवशी आई त्याच बाईकडे जाई. त्या बोलाचालीत अपमान कुणाचाच होत नसे, कारण दोघींनाही ठाऊक असे की उद्या पुन्हा भेट आहे. त्या आठवणीला उगाच सोनेरी करण्याचा माझा हेतू नाही. त्याच बाजारात परगावच्या पाहुण्याला शिळा मासा सर्रास गळ्यात मारला जाई, कारण तो उद्या येणार नाही हे मासेवालीला दिसत असे. पण त्यातूनही माझा मुद्दाच पुढे जातो. टीकेला वजन येते ते टीका करणारा परत येणार असल्यामुळे. 'पुन्हा कधीही जाणार नाही' असे लिहिणाऱ्याने आपल्या म्हणण्याचे सगळे वजन पहिल्याच वाक्यात काढून घेतलेले असते, कारण जो येणारच नाही त्याच्यासाठी दुकानदाराने सुधारायचे कशाला?

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. काउंटरवर पुडा उघडणारी बाई त्याच गावात जन्मलेली, त्याच बोलीत बोलणारी, चाळीस वर्षांपासूनची गिऱ्हाईक होती. तिच्या आवाजाला त्या खोलीत जागा होती. मी या गावात नवा आलो तेव्हा 'हॅडॉक' हा शब्द मला तीनदा उच्चारावा लागे, आणि शुक्रवारच्या रांगेला खोळंबून ठेवून तक्रार करण्याची माझी छाती झाली नसती. ज्याचा उच्चार वेगळा आहे, ज्याचा वर्ण वेगळा आहे, जो मुळात बुजरा आहे, त्याला निनावी तारे हाच एक आवाज उरतो, असे कुणी म्हटले तर मी ते नाकारणार नाही. परगावहून व्हिटबीला किंवा स्कारबरोला समुद्रावर आलेल्या, एकदाच खाणाऱ्या प्रवाशालाही परीक्षणांचा उपयोग असतो. फक्त तो उपयोग पुढच्या प्रवाशाला होतो, दुकानाला नाही, आणि या दोन गोष्टी आपण एकच समजून चालतो. बुजऱ्या ग्राहकासाठी उपाय दुकानदाराने करायचा असतो. आमच्या मालकाने नंतर तो केलाही. ताटे उचलणारी मुलगी आता 'ठीक होते ना' असे विचारत नाही. आवरण कसे होते, चिप्स कशा होत्या, असे एकेक विचारते, आणि एवढ्या नेमक्या प्रश्नाला 'लव्हली' म्हणून सुटता येत नाही.

जिथे ग्राहकाच्या बोलण्यावर काहीच सोडता कामा नये अशी एक बाजू मात्र आहे, ती स्वच्छतेची. आवरण लिबलिबीत आहे हे मला जिभेवर कळते, पण कच्चा मासा कोणत्या तापमानाला ठेवला होता, हात धुवायच्या बेसिनला गरम पाणी येते की नाही, उंदरांचा बंदोबस्त आहे की नाही, हे मला कळण्याचा मार्ग नाही. त्यासाठी नगरपालिकेचा निरीक्षक येतो आणि शून्य ते पाच यांपैकी एक गुण देतो. तो गुण दारावर लावणे वेल्समध्ये 2013 पासून आणि उत्तर आयर्लंडमध्ये 2016 पासून सक्तीचे आहे. इंग्लंडमध्ये अजूनही ते मालकाच्या मर्जीवर आहे, म्हणजे ज्याला पाच मिळाले तो काचेवर चिकटवतो आणि ज्याला एक मिळाला तो खणात ठेवतो. गुण सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात हे खरे, पण पावसात रांगेत उभे राहून किती जण ते शोधत बसतात? ही सक्ती इंग्लंडमध्येही व्हायला हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. निरीक्षकाची पद्धत पाहिली तर तीही त्या बाईसारखीच आहे. काय चुकले ते तो लेखी सांगतो, दुरुस्तीला वेळ देतो, आणि मालकाने मागणी केली तर पुन्हा तपासायला येतो. चवीबद्दल तो चकार शब्द काढत नाही. पाच गुणांचा स्टिकर पाहून मासा चविष्ट असणार असे मानणारे माझे दोन मित्र आहेत आणि त्यांची निराशा वारंवार होते.

ऐकणे म्हणजे प्रत्येक टीका मान्य करणे असे मात्र नव्हे, आणि आमच्या मालकाने जे ऐकले नाही त्याबद्दलही मला आदर वाटतो. मासा गोठवलेला असतो, ताजा का नाही, अशी तक्रार त्याच्याकडे नेहमी येते. किनाऱ्यावर वाढलेल्या मला सुरुवातीला ती पटत असे, कारण आमच्याकडे बर्फाचा मासा म्हणजे नाक मुरडण्याचा विषय. पण चिप्यांत वापरला जाणारा बराचसा कॉड आणि हॅडॉक उत्तरेच्या दूरच्या समुद्रात, जहाजावरच, पकडल्यावर काही तासांत साफ करून गोठवला जातो. 'ताजा' म्हणून बर्फावर मांडलेला मासा मात्र जहाजात, बंदरात आणि लिलावात कित्येक दिवस काढून आलेला असू शकतो. मालकाने गोठवलेला मासा बदलला नाही, फक्त पुरवठादाराचे खोके काउंटरच्या मागे दिसेल असे ठेवले. भाव कमी करा, ही मागणीही त्याने मानली नाही. उलट जानेवारीनंतर एका पुड्यामागे पाऊण पौंड वाढवला आणि त्या पैशातून शुक्रवारसाठी जादा माणूस ठेवला. मागणीनुसार ताजे तळून द्यायचे तर हात लागतात आणि वेळ लागतो. आठ मिनिटे थांबायला तयार नसलेल्या ग्राहकाने ओल्या आवरणाची तक्रार करू नये, असे मी म्हणेन, जरी मालक स्वतः तसे म्हणत नाही.

तिसरी मागणी माझी होती. यॉर्कशरमध्ये जुन्या चिप्या तळण्यासाठी ड्रिपिंग वापरतात, म्हणजे गाईबैलांची वितळवलेली चरबी, आणि इथल्या लोकांच्या मते त्याशिवाय ती चव येतच नाही. मला स्वतःला त्याचे वावडे नाही, पण आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांत असे पुष्कळ असतात जे मासा आनंदाने खातात आणि ही चरबी मात्र कदापि खाणार नाहीत, आणि नुसत्या चिप्स मागणाऱ्या शाकाहारी माणसाला तर आपण काय खातो आहोत याची कल्पनाही नसते. कायद्याने 14 प्रकारच्या ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती द्यावी लागते; तळण्याची चरबी कोणत्या जनावराची, हे त्यात येत नाही. मी मालकाला विचारले, तुम्ही वनस्पती तेल का वापरत नाही? तो म्हणाला, "ड्रिपिंग मी सोडणार नाही, उद्या गाव माझ्या दारात येईल. पण ते दारावर लिहायला मला कुणी अडवलेले नाही." दुसऱ्या आठवड्यात दाराच्या काचेवर, गुणांच्या स्टिकरच्या शेजारी, ठळक अक्षरांत ते लिहिलेले होते. मला हवे होते ते मिळाले नाही, पण माझ्या पाहुण्यांना हवे होते ते मिळाले, आणि नकार कसा द्यावा याचा एक धडाही मला फुकट मिळाला.

हे सगळे एका दुकानापुरते आहे, त्यावरून केवढा हा सार्वजनिक प्रश्न, असे कुणाला वाटेल. पण चिपी ही इथे केवळ दुकान नसते. पहिली चिपी 1860 च्या दशकात लंडनच्या ज्यू माणसाने काढली की लँकशरमधल्या मॉस्ली गावात निघाली, यावर अजून भांडणे होतात. दुसऱ्या महायुद्धात बऱ्याच अन्नावर रेशन असताना सरकारने तळलेला मासा आणि चिप्स त्यातून वगळल्या होत्या, इतका त्यांचा कामगारवस्त्यांना आधार होता. दोन महायुद्धांच्या दरम्यान ब्रिटनमध्ये 30,000 हून अधिक चिप्या होत्या. आज सुमारे 10,000 उरल्या आहेत. नाराज ग्राहक निमूटपणे दुसरीकडे वळला की दुकान सुधारत नाही, बंद पडते, आणि मग त्या जागी सट्ट्याचे दुकान किंवा ई-सिगारेटचे दुकान येते. मोठ्या शहरात एक बंद पडले तर दुसरे असते. आमच्या गावात दुसरी चिपी नाही, आणि म्हणूनच त्या बाईला दारातून परत फिरावे लागले असेल.

आज ते दुकान उत्तम आहे असा माझा दावा नाही. काचेचे कपाट आता बहुतेक वेळ रिकामे असते, ड्रिपिंग रोज रात्री गाळले जाते, पोती आत आली आहेत. वाटाण्याचा लगदा मात्र अजून खारट असतो, आणि ते मी गेल्या महिन्यात प्रथमच काउंटरवर, तोंडाने, रांगेत माझ्यामागे सहा माणसे उभी असताना सांगितले. मालकाने चमच्याने चाखून पाहिले आणि मान हलवली. पटले म्हणून की नाही पटले म्हणून, ते मला कळले नाही. पुढच्या शुक्रवारी कळेल. त्याच रात्री मी माझे जुने परीक्षण उघडून दोन ताऱ्यांचे चार केले आणि 'निराशा झाली' हे शब्द काढून तिथे आवरणाबद्दल आणि चिप्सबद्दल दोन चांगली वाक्ये लिहिली. मालकाचे 2022 सालचे उत्तर त्याच्याखाली तसेच राहिले आहे. त्यामुळे आता तिथे माझी स्तुती आणि तिच्याखाली, तुम्ही आमच्या दुकानात आला होता तरी का, हा त्याचा सवाल, असे दोन्ही एकाखाली एक वाचायला मिळते.